कार्टूनमध्ये कुणालाच लागत नाही : लहान मुलं, ऑनलाइन मारामारी आणि आईबाबांनी नेमकं काय करायचं

पोरगं पडलं की आपल्या तोंडून पहिलं काय निघतं, "लागलं का रे?" हेच ना. कार्टूनमध्ये हा प्रश्न कुणीच कुणाला विचारत नाही आणि माझ्या मते सगळा घोळ तिथेच आहे, म्हणून हे लिहायला घेतलंय.

माझा मुलगा पाच वर्षांचा असतानाची गोष्ट. त्याने तीन वर्षांच्या मावसबहिणीला सोफ्यावरून दोन्ही हातांनी ढकललं. रागाने नाही, भांडण वगैरे काहीच नव्हतं. ढकललं आणि शांतपणे वाकून बघत उभा राहिला की आता ही उठते कशी. ती उठली नाही, रडायला लागली, ओठातून रक्त येत होतं, आणि हा इतका गोंधळला की त्यालाच रडू फुटलं. मला म्हणाला, "आई, ती सपाट झालीच नाही."

मी आधी ओरडलेच त्याच्यावर. मग रात्री फोनची हिस्टरी उघडली. सुरुवात रंग शिकवणाऱ्या एका साध्या व्हिडिओने झाली होती, त्यानंतर ऑटोप्ले चालूच, एक संपला की दुसरा, आणि आठव्या की नवव्या व्हिडिओत एक जण दुसऱ्याच्या डोक्यात हातोडा घालतोय, तो सपाट होतो, पुढच्या सेकंदाला फुग्यासारखा परत फुगतो, आणि मागे बालगीताची चाल आणि हसण्याचा आवाज. मी शेजारच्याच खोलीत होते आणि मला ऐकू येत होतं ते फक्त बालगीत. त्यामुळे पहिली गोष्ट हीच सांगते की नुसता कान ठेवून चालत नाही, बघावंच लागतं.

कुठली मारामारी जास्त वाईट, हे आधी ओळखा

सगळीच मारामारी सारखी नसते. राजकुमार राक्षसाशी लढतो ती गोष्ट तर आजीही सांगते. त्यामुळे "मारामारी दिसली की बंद" हा नियम टिकत नाही, आणि मुलांनाही तो पटत नाही. मी आता कार्टूनची दहा मिनिटं बघताना चार गोष्टी बघते. ज्याला मार बसला त्याला दुखलेलं दाखवलंय का? मारणारा कोण आहे, हिरो आहे का, आणि मारल्याबद्दल त्याचं कौतुक होतंय का? मारलं की हसायचं असं म्युझिक किंवा हशा मागे आहे का? आणि चौथी, सगळ्यात महत्त्वाची, हे घरात करता येण्यासारखं आहे का? ड्रॅगनच्या तोंडातून आग निघाली तर मूल काही आग ओकणार नाही. पण तोंडावर उशी दाबणं, गळ्यात दोरी, जिन्यावरून ढकलणं, सुरी, उंचावरून उडी, हे सगळं घरातच असतं हो. दिसायला ड्रॅगनवालं कार्टून भयंकर वाटतं आणि उशीवालं गोड वाटतं, पण लहान मुलाच्या बाबतीत मला उशीवाल्याची जास्त भीती वाटते.

हे माझ्या मनाचं नाहीये. अल्बर्ट बांडुरा नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी 1961 मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात मुलांवर एक प्रसिद्ध प्रयोग केला, फुगवलेल्या मोठ्या बाहुलीला मोठी माणसं मारतायत हे मुलांनी बघितलं आणि मग मुलांनीही तिला तसंच मारलं. 1963 मध्ये त्यांनी तोच प्रयोग पुढे नेला, नर्सरीच्या वयाची 96 मुलं घेतली, काहींना प्रत्यक्ष माणूस मारताना दाखवला, काहींना तेच फिल्मवर, आणि काहींना मांजराचा वेष घातलेलं कार्टूनसारखं पात्र. मुलांना वाटलं असेल की हे तर खोटं खोटं मांजर आहे, याची काय नक्कल करायची, असं आपल्याला वाटतं ना? तसं झालं नाही. फिल्मवरचा माणूस किंवा हे मांजर बघितलेल्या मुलांनी काहीच न बघितलेल्या मुलांपेक्षा जवळपास दुप्पट आक्रमकपणा दाखवला.

आता लगेच कुणीतरी म्हणेल की आम्ही पण उंदीर-मांजराची मारामारी बघूनच वाढलो, आमचं काय वाईट झालं. खरंय. कार्टून बघून प्रत्येक मूल गुंड होतं असं कुणीच शहाणं माणूस म्हणत नाही, आणि मोठेपणी नेमका किती परिणाम उरतो यावर अभ्यासकांमध्येही वाद आहेत. पण तेव्हा कार्टूनची वेळ ठरलेली होती, अर्धा तास झाला की बातम्या लागायच्या आणि आपण खेळायला पळायचो. आता संपतच नाही. शिवाय तेव्हा ते कार्टून कुणीतरी मुलांसाठी म्हणून बनवलेलं असायचं, चॅनलवाल्यांनी आधी बघितलेलं असायचं.

ऑनलाइन मात्र कुणीही बनवतं. 2017 मध्ये जे उघडकीला आलं ते आठवा, यूट्यूबवर हजारो व्हिडिओ होते ज्यात मुलांची ओळखीची पात्रं, एल्सा, स्पायडरमॅन, पेपा पिग, चोरून वापरली होती आणि त्यांच्यात इंजेक्शनं, रक्त, दात उपटणं, छळ असलं काय काय चाललेलं. काही तर मुलांच्या वेगळ्या अ‍ॅपमध्येसुद्धा शिरले होते. त्या प्रकाराला नावच पडलं एल्सागेट. खूप आरडाओरडा झाल्यावर कंपनीने लाखाच्या वर व्हिडिओ काढले. हे व्हिडिओ मुद्दाम कुणी मुलांना बिघडवायला बनवलेच असतील असं नाही, जास्त बघितलं जातं ते बनवायचं, जास्त बघितलं म्हणजे जास्त जाहिराती, एवढा साधा हिशोब. लहान मूल थंबनेलवर, म्हणजे व्हिडिओच्या छोट्या चित्रावर, ओळखीचा चेहरा दिसला की बोट टेकवतं, त्याला खरं-नकली कळत नाही. म्हणून थंबनेल आणि नाव बघून कार्टून पास करू नका. आणि पहिली दोन मिनिटं बघूनही नको, मधूनमधून पुढे ढकलून बघा, भयंकर गोष्टी बऱ्याचदा मध्येच असतात.

फोनमध्ये काय काय करायचं

हे एका संध्याकाळी बसून करून टाका. मेनूच्या जागा बदलत असतात पण गोष्टी याच.

यूट्यूब किड्स वापरत असाल तर पालकांच्या सेटिंगमध्ये मुलाच्या प्रोफाइलला वयोगट असतो, प्रीस्कूल म्हणजे 4 पर्यंत, यंगर म्हणजे 5 ते 8, ओल्डर म्हणजे 9 ते 12. बरेच जण पहिल्यांदा घाईत काहीतरी निवडतात आणि विसरून जातात, ते परत बघा. पण सात वर्षांखालच्या मुलासाठी माझं ठाम मत आहे की चौथा पर्याय घ्यायचा, "अप्रूव्ह्ड कंटेंट ओन्ली", यात तुम्ही स्वतः निवडलेले व्हिडिओ आणि चॅनलच दिसतात, सर्च पण चालत नाही. कंटाळवाणं काम आहे, पहिल्या दिवशी तासभर जातो, पण नंतर शांत झोप लागते. ते जमत नसेल तर निदान सर्च बंद करा. आणि हो, पालकांच्या सेटिंगमध्ये शिरताना ते अ‍ॅप गुणाकार विचारतं, आता पाढे येणाऱ्या मुलाला त्यात काय अडचण, त्यामुळे तिथे स्वतःचा पासकोड टाकून ठेवा. पासकोड म्हणून वाढदिवसाची तारीख ठेवू नका, मुलांना सगळं माहीत असतं.

साधं यूट्यूब चालत असेल, आणि बहुतेक घरात तेच चालतं कारण आपलाच फोन हातात असतो, तर प्लेयरवरचं ऑटोप्लेचं बटण आधी बंद. हे एक काम केलंत तरी खूप फरक पडतो, कारण मुलं वाईट व्हिडिओ शोधायला जात नाहीत, तिथपर्यंत वाहत जातात. मग हिस्टरी उघडा आणि नको ते व्हिडिओ एकेक करून काढा, नुसतं बंद करून भागत नाही कारण पुढचे व्हिडिओ त्या हिस्टरीवरूनच सुचवले जातात. चॅनल नको असेल तर तीन टिंबांवर दाबून "हे चॅनल सुचवू नका" असा पर्याय येतो. रिस्ट्रिक्टेड मोड, म्हणजे मोठ्यांचे व्हिडिओ लपवणारं सेटिंग, चालू करा पण त्यावर विसंबू नका, तो चाळणीसारखा आहे, आणि प्रत्येक फोनवर, टीव्हीवर वेगवेगळा चालू करावा लागतो. टीव्हीचं सगळे विसरतात!

मूल 9-10 वर्षांचं झालं की लहान मुलांचं अ‍ॅप त्याला बाळबोध वाटायला लागतं, तेव्हा एकदम मोठ्यांचं अकाउंट देऊ नका, यूट्यूबचं सुपरवाइज्ड, म्हणजे पालकांच्या देखरेखीतलं, अकाउंट असतं त्यात 9 च्या वर, 13 च्या वर अशा पायऱ्या आहेत. नेटफ्लिक्सवर मुलाचं वेगळं प्रोफाइल करा, त्याला वयाची मर्यादा लावा, एखादं कार्टून नावाने ब्लॉक करता येतं, पुढचा एपिसोड आपोआप लागणं बंद करता येतं आणि तुमच्या प्रोफाइलला पिन लावता येतो. शेवटचं नक्की करा, नाहीतर बाकी सगळं फुकट. अ‍ॅनिमेशन म्हणजे लहान मुलांचं हा समज पण सोडा, मोठ्यांसाठी बनवलेली रक्तपाताची अ‍ॅनिमेशन भरपूर आहेत आणि काही दिसायला अगदी गोंडस सशा-अस्वलांची असतात.

फक्त तास मोजू नका

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच आणि 2 ते 4 वर्षांच्या मुलांना दिवसाला 1 तासाच्या वर नको. बरोबरच आहे. पण आपण सगळे तासांवरच अडकतो, अर्धा तास दिला, पाऊण तास दिला, आणि त्या अर्ध्या तासात काय चाललंय ते राहूनच जातं.

मला ज्या अभ्यासाने खरंच धीर दिला तो अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या संशोधकांनी केलेला, 2013 मध्ये पीडियाट्रिक्स या नियतकालिकात आला. 3 ते 5 वर्षांची मुलं असलेली 565 कुटुंबं. निम्म्या कुटुंबांना स्क्रीन कमी करा असं सांगितलंच नाही, फक्त मारामारीच्या कार्यक्रमांच्या जागी दुसरे चांगले, एकमेकांना मदत करणारी पात्रं असलेले कार्यक्रम लावा आणि जमेल तेव्हा सोबत बसा एवढं शिकवलं. सहा महिन्यांनी त्या मुलांचं वागणं बाकीच्यांपेक्षा सुधारलेलं दिसलं. याच प्रयोगात झोपेच्या तक्रारीही कमी झाल्या होत्या. म्हणजे एकदम फोन हिसकावून घरात रणांगण करायची गरज नाहीये, आधी बदली करा.

बदली कशी करायची? रिकामी जागा ठेवायची नाही. मूल जे बघतंय त्यात त्याला काय आवडतं ते शोधा. माझ्या मुलाला मारामारी आवडत नव्हतीच, त्याला आवडत होतं की गोष्टी आपटतात, फुटतात, परत जोडल्या जातात. मग त्याला क्रेन, बुलडोझर, जुन्या इमारती पाडतानाचे व्हिडिओ लावून दिले, मशीन खोलून जोडणारे व्हिडिओ दिले, दोन आठवडे कुरकुर केली आणि मग त्यातच रमला. कुणाला वेग आवडतो, कुणाला प्राणी, कुणाला नुसतं खदखदून हसायचं असतं. आठ-दहा चांगली कार्टून आधी स्वतः बघून यादी करून ठेवा आणि त्यातलं निवडायला मुलालाच सांगा, "हे की ते?" असं विचारलं की त्याला वाटतं आपण ठरवलं.

बंद करताना एपिसोड संपल्यावर बंद करा, मध्येच नको. "हा संपला की बंद" आधी सांगायचं, एकदा परत आठवण करायची, आणि बंद करायचं बटण मुलालाच दाबायला द्यायचं. रडेल काही दिवस. रडू द्या, पण रडला म्हणून परत लावून देऊ नका, नाहीतर रडण्याचा उपयोग होतो हेच शिकेल.

सोबत बसून काय बोलायचं

सोबत बसा असं सगळे सांगतात पण बसून करायचं काय ते कुणी सांगत नाही. नुसतं शेजारी बसून आपण आपला मोबाइल बघत राहिलो तर मुलाला वाटतं आईला हे चालतंय. बोलावं लागतं. आणि बोलायचं म्हणजे प्रवचन नाही, कार्टून दर मिनिटाला थांबवून "बघ हे चुकीचं आहे" केलंत तर पुढच्या वेळी मूल तुम्हाला शेजारी बसूच देणार नाही.

एकच प्रश्न पुरतो, आपला नेहमीचाच, "त्याला लागलं असेल का रे?" अमेरिकेत एमी नेथनसन आणि जोअ‍ॅन कँटर या दोघींनी शाळकरी मुलांना एक मारामारीचं कार्टून दाखवलं आणि काही मुलांना आधीच सांगितलं की ज्याला मार बसतोय त्याला कसं वाटत असेल याचा बघताना विचार करा. ज्या मुलग्यांना असं काहीच सांगितलं नव्हतं त्यांच्यात कार्टून बघितल्यावर आक्रमकपणाकडे कल वाढला, ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यात तसा वाढला नाही. एवढासा विचार आणि एवढा फरक.

आमच्याकडे पहिल्यांदा विचारलं तेव्हा उत्तर आलं, "नाही लागलं, तो हसतोय ना." मी म्हटलं तुझ्या पायावर परवा दार आपटलं तेव्हा तू हसलास का. गप्प बसला. तीन-चार दिवसांनी स्वतःच म्हणाला की याला खरं तर दवाखान्यात न्यायला पाहिजे. मग आम्ही ते खेळातच घेतलं, मारामारीचा सीन झाला की त्याच्या टेडीला पट्टी बांधायची. अजून काही प्रश्न चालतात, "मारायच्या ऐवजी तो काय करू शकला असता?", "तुझ्या मित्राने तुला असं केलं तर?" पण दिवसाला एक-दोनच. मूल हसलं म्हणून त्याला निर्दयी समजू नका, त्याला हसायला शिकवलंय त्या म्युझिकने. आवाज म्यूट करून तोच सीन परत दाखवा एकदा, हसू येत नाही. मी स्वतः करून बघितलंय.

भीतीदायक काही बघून बसलं असेल तर

सगळी मुलं नक्कल करत नाहीत, बरीचशी घाबरतात. आणि घाबरलेलं मूल सांगतच असं नाही, कारण सांगितलं तर फोन जाईल. ते अंधारात एकटं जायचं थांबतं, रात्री आपल्या अंथरुणात येतं, एखादं गाणं लागलं की कान झाकतं. अशा वेळी "तू हे बघितलंसच का?" हा प्रश्न चुकूनही पहिला विचारू नका. आधी जवळ घ्या. "मला सांगितलंस ते बरं केलंस" एवढं म्हणा, म्हणजे पुढच्या वेळीही सांगेल.

सहा-सात वर्षांच्या आतल्या मुलाला "अरे ते खरं नसतं" सांगून फारसा उपयोग होत नाही, ते मान डोलावतं पण भीती तिथेच असते, कारण त्या वयात जे भयानक दिसतं ते भयानकच असतं. त्याला मिठी, पांघरूण, छोटा दिवा, आवडतं खेळणं, एखादी दुसरी मजेशीर गोष्ट, हे लागतं. त्या राक्षसाचं चित्र काढायला लावा आणि त्याला फ्रॉक घाला, शिंगांना रिबीन बांधा. मोठ्या मुलाला मात्र समजावून सांगितलेलं चालतं, हे कसं बनवतात, आवाज कुठून येतो, कुणी बनवलं आणि त्यात त्याला पैसे कसे मिळतात. पैशांचं कळलं की मुलं एकदम शहाण्यासारखी बोलतात.

एक विनंती पालकांनाच. असला व्हिडिओ सापडला की तो ग्रुपवर फॉरवर्ड करू नका. 2019 मध्ये मोमो नावाच्या भयानक चेहऱ्याची आठवण असेल, मुलांच्या कार्टूनमध्ये मध्येच येऊन मुलांना जीव द्यायला सांगते अशी बातमी जगभर पसरली. मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी सांगितलं की याला काही पुरावा नाही, आणि तो चेहरा तर जपानमधल्या एका शिल्पाचा होता. पण काळजीपोटी आईबाबांनीच तो फोटो इतका फिरवला की ज्या मुलांनी तो कधी बघितला नसता त्यांनीही बघितला. व्हिडिओ रिपोर्ट करा, चॅनल ब्लॉक करा, आणि इतरांना सांगायचंच तर चॅनलचं नाव शब्दात लिहून सांगा, फोटो नको.

घरातली बाकीची माणसं

आजी-आजोबांच्या फोनमध्ये तुमच्या सेटिंग नसतात. त्यांच्यावर चिडू नका, त्यांना वाटतं कार्टून म्हणजे कार्टून. बसून त्यांना तो एक हातोडीवाला सीन दाखवा, आमच्याकडे एका मिनिटात पटलं, आणि मग आजीनेच गोष्टी सांगायला सुरुवात केली. त्यांच्या फोनवरही ऑटोप्ले बंद करून द्या.

मोठी मुलं मित्राकडे बघतात, शाळेच्या बसमध्ये बघतात, भुतांच्या गेममधली पात्रं न खेळताच ओळखतात. दहा वर्षांच्या मुलावर सगळीकडे पहारा ठेवता येत नाही. त्याच्याशी फक्त एवढं ठरवा की नको वाटलं तर फोन उलटा ठेवायचा आणि घरी येऊन सांगायचं, रागावणार नाही. आणि मग खरंच रागवायचं नाही, एकदा जरी रागावलात तरी ते दार बंद होतं.

आणि आपण. मूल खेळतंय म्हणून आपण त्याच खोलीत खूनबिनाची सिरीज लावून बसतो, त्याचं लक्ष नाहीये असं समजतो. लक्ष असतं.

डॉक्टरांकडे कधी? बघणं बदलूनही काही आठवडे झोप उडालेली असेल, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं, स्वतःला किंवा दुसऱ्याला रोज मारतंय, प्राण्यांना मुद्दाम इजा करतंय, किंवा आधी बोलकं असलेलं मूल गप्प झालंय, तर वाट बघत बसू नका, मुलांच्या डॉक्टरांना भेटा. जाताना त्या हिस्टरीचे स्क्रीनशॉट बरोबर न्या आणि कुठल्या दिवसापासून काय बदललं ते एका कागदावर लिहून न्या, कारण तिथे बसल्यावर आपल्याला नेमकं काही आठवत नाही. आणि हे सगळं मुलासमोर "हा असं असं करतो" म्हणून सांगू नका, त्याला बाहेर कुणाजवळ तरी बसवा.